हप्ता आधी, निकाल नंतर

स्लॅब भरून झाला की दोन कागद निघतात. पहिला एक-दोन दिवसांतच निघतो, बिल्डरचं डिमांड लेटर: आठव्या मजल्याचा स्लॅब पूर्ण झाला आहे, पुढचा हप्ता भरावा. दुसरा निघतो २८ दिवसांनी, लॅबमधून. त्या स्लॅबमध्ये ओतलेलं काँक्रीट ठरल्या ताकदीचं आहे की नाही, हे त्यावर असतं. पहिला कागद तुमच्या घरी येतो. बँक तो बघते, फार तर आर्किटेक्टचा दाखला मागते आणि पैसे सोडते. दुसरा कागद साइट ऑफिसच्या फायलीत जातो. ज्याचं घर होणार आहे, तो माणूस हा कागद आयुष्यात एकदाही बघत नाही.

माझं भांडण या क्रमाशी आहे.

महाराष्ट्राच्या रेरा नियमांसोबत करारनाम्याचा नमुना दिलेला आहे. त्यानुसार जोतं पूर्ण होईपर्यंत एकूण किमतीच्या ४५ टक्के आणि सगळे स्लॅब होईपर्यंत ७० टक्के रक्कम बिल्डरला घेता येते. भिंती, प्लॅस्टर, नळ, लिफ्ट या सगळ्यांसाठी तुमच्या मुठीत उरतात ३० टक्के. टाइल तडकलेली निघाली तर त्या ३० टक्क्यांच्या जोरावर तुम्ही भांडू शकता. इमारत ज्याच्या जिवावर उभी आहे त्या काँक्रीटसाठी भांडायची वेळ येते, तेव्हा पैसे केव्हाच गेलेले असतात.

आता लॅबच्या त्या कागदामागच्या क्यूबकडे वळू. क्यूब म्हणजे १५ सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा. चालू मालातून नमुना घ्यायचा, लोखंडी साच्यात तीन थरांत भरायचा, हाताने ठासायचा तर प्रत्येक थराला किमान ३५ ठोके द्यायचे, दुसऱ्या दिवशी साचा सोडून ठोकळा २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि २८व्या दिवशी मशिनमध्ये दाबून फोडायचा. एम-३० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन. त्या हिशेबाने हा हातभर उंचीचाही नसलेला ठोकळा जवळपास ६९ टनांचा भार घेऊन मग फुटला पाहिजे. एका नमुन्याचे तीन क्यूब आणि तिघांची सरासरी म्हणजे एक निकाल. तिघांतला एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त लांब गेला, तर तो नमुनाच बाद.

निकाल पास की फेल हे आयएस ४५६ या मानकावरून ठरतं, आणि ते मानक निष्ठुर नाही. एम-३०चा एखादा निकाल २७पर्यंत खाली आला तरी ते चालवून घेतं. बदल्यात सलग चार निकालांची सरासरी किमान ३३ यावी, एवढीच त्याची मागणी आहे. एखाद्या दिवशी खडी ओली आली, वाळूत बारीक भुकटी जास्त निघाली, हे सगळं त्यात धरलेलं आहे. एवढी मोकळीक देऊनही क्यूब फेल जातो, तेव्हा खरोखर काहीतरी बिघडलेलं असतं.

आणि तो अवघड वेळी फेल जातो. ॲल्युमिनियमच्या शटरिंगवर हल्ली सात ते दहा दिवसांत मजला चढतो. आठव्या स्लॅबचा निकाल हातात पडतो तेव्हा अकरावा भरून झालेला असतो. ज्या काँक्रीटबद्दल शंका आहे त्याच्या डोक्यावर तीन मजल्यांचं ओझं आधीच चढलेलं असतं. म्हणून वाईट निकाल कुणालाच ऐकायचा नसतो. ठेकेदाराला नको, कारण तोडायचा खर्च त्याच्या गळ्यात येईल. तयार काँक्रीट पुरवणाऱ्या आरएमसी प्लँटला नको, कारण बिल अडकेल. बिल्डरला नको, कारण चार डिमांड लेटर गेलेली आहेत.

पण कुणकुण आधी लागलेली असते. सातव्या दिवशीही क्यूब फोडतात. साध्या सिमेंटच्या मालात तो २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश यायला हवा. फ्लाय ॲश किंवा स्लॅग असलेला माल सुरुवातीला हळू चढतो, हे खरं. तरी त्याच साइटवर, त्याच मिक्सला, दर वेळी २१-२२ येणारा आकडा एकदम १५ आला, तर त्या दिवशी वरचं सेंट्रिंग थांबवायला हवं. आठवड्याभरात थांबलात तर एका मजल्याचा प्रश्न असतो. महिन्याने थांबलात तर चार मजल्यांचा. हे साइटवरच्या प्रत्येक इंजिनिअरला कळतं, पण थांबवायचा अधिकार त्याच्या हातात नसतो.

फेल निकाल आला की पहिलं वाक्य ठरलेलं: 'क्यूबच नीट भरला नव्हता.' हे वाक्य कधी कधी खरंही असतं, आणि ते मी उडवून लावणार नाही. ठोके कमी पडले, ठोकळा रात्रभर उन्हापावसात पडून राहिला, टाकीऐवजी पिंपात ठेवला, मशिनमध्ये तिरका बसला, तर चांगल्या मालाचा क्यूबही खाली येतो. फेल क्यूब म्हणजे फेल स्लॅब असं लगेच म्हणता येत नाही. पण मग उलटंही खरं धरा. क्यूब भरणारा बिगारी इतका बेभरवशाचा असेल, तर त्याच हातांनी भरलेल्या पास क्यूबवर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? आकडा खाली आला की क्यूब वाईट आणि वर आला की काँक्रीट चांगलं, ही सोय कुणालाही मिळता कामा नये.

साइटवर चार वर्षं काढलेल्या कुणालाही एकांतात विचारा, तो क्यूबसाठी वेगळा माल मळण्याची गोष्ट सांगेल. कोपऱ्यात सिमेंट जास्त घालून केलेला घमेलाभर माल, त्याचे सुबक ठोकळे, वर तारीख आणि ग्रेड. त्याहून साळसूद प्रकार म्हणजे पाण्याचा. मिक्सरची गाडी रस्त्यात अडकते, दुपारचं ऊन असतं, माल कडक होतो. साइटवर आल्याआल्या नमुना घेतला जातो, क्यूब भरले जातात. मग पंपवाला ओरडतो की माल चढत नाही, आणि गाडीत पाइप सोडला जातो. सहा घनमीटरच्या गाडीत १०० लिटर पाणी म्हणजे दर घनमीटरला १६-१७ लिटर. समजा घनमीटरला ३८० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी असं मिक्स आहे. पाणी आणि सिमेंट यांचं प्रमाण ०.४२ वरून ०.४६च्या पुढे गेलं. ताकद दहा टक्क्यांच्या आसपास तिथेच गेली. डफ अब्राम्स या अमेरिकन संशोधकाने पाणी वाढलं की ताकद घटते याचा नियम १९१८मध्ये मांडला, आणि शंभर वर्षांनंतरही आपण तो पाइपने धुऊन काढतो. अशा स्लॅबचा क्यूब पास होतो. फेल झालेला असतो तो स्लॅब, आणि त्याचा निकाल कुठल्याच फायलीत नसतो. माल खरंच कडक झाला असेल तर प्लँटच्या माणसाने ॲडमिक्श्चरचा, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या रसायनाचा, मोजून डोस द्यावा, नाहीतर गाडी परत पाठवावी.

फेल निकालानंतरची दुसरी पायरी हॅमरची. स्प्रिंगचा दांडा काँक्रीटवर आपटायचा आणि तो किती उसळतो त्यावरून ताकद सांगायची. अर्न्स्ट श्मिट या स्विस अभियंत्याचं हे उपकरण उपयोगी आहे, पण ते पृष्ठभाग बघतं. कलिंगडाला टिचकी मारून त्याची गोडी किती टक्के आहे, हे लिहून देण्यासारखं आहे ते. भारतीय मानकच सांगतं की हॅमरवरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. एम-३०च्या स्लॅबला हॅमरने ३० दाखवले, तर खरी ताकद २३ असू शकते आणि ३७ही असू शकते. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होतो, मग आकडा आणखी फुगतो. संशयाची जागा कुठली, कोअर कुठे काढायचा, हे ठरवायला हॅमर वापरावा. फेल गेलेला क्यूब पास करून घ्यायला तो वापरतात, तेव्हा ती चाचणी राहत नाही.

खरी पायरी कोअरची. डायमंड बिटने स्लॅबमधून किंवा कॉलममधून नळकांडं कापून काढायचं आणि ते फोडायचं. मानक म्हणतं, किमान तीन कोअर हवेत. त्यांची सरासरी ठरल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. इथेही सवलत आधीच दिलेली आहे: प्रत्यक्ष स्लॅब-कॉलममधलं काँक्रीट पाण्याच्या टाकीत लाडाने वाढलेलं नसतं आणि कापताना त्याला इजाही होते, म्हणून १०० ऐवजी ८५. तरीही पळवाट काढली जाते. कोअर तीन महिन्यांनी काढायचे. तोपर्यंत काँक्रीट थोडं चढतं आणि त्या चढलेल्या आकड्याची तुलना २८ दिवसांच्या अपेक्षेशी करून 'पास' लिहायचं. मानकात 'त्या वयाच्या ताकदीच्या ८५ टक्के' असं म्हटलं आहे. 'त्या वयाच्या' हे दोन शब्द रिपोर्टमधून सर्रास गाळले जातात. शिवाय कोअर कुठून काढायचे, हे इंजिनिअरने ठरवायचं असतं. ठेकेदाराच्या पोराने जिथे ड्रिलचं मशिन सोयीचं बसतं तिथून काढलेले तीन कोअर त्या मजल्याबद्दल काहीही सांगत नाहीत.

यानंतर आरसीसी कन्सल्टंटकडे फाइल जाते आणि तिथे एक वाक्य लिहिलं जातं: 'डिझाइन तपासलं, सुरक्षित आहे.' हे वाक्य स्लॅबबद्दल आहे की कॉलमबद्दल, हे विचारल्याशिवाय त्याला काडीचा अर्थ नाही.

ही गोष्ट घर घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी, म्हणून आकडे देतो. वाकणाऱ्या स्लॅबमध्ये ताण सळया घेतात. नेहमीचं सळयांचं प्रमाण धरून मानकाच्या सूत्रात एम-३०च्या जागी एम-२० घातलं, तर स्लॅबची वाकण्यातली ताकद साधारण चार टक्के घटते. तेवढं अनेकदा निभावतं. कॉलम मात्र मुख्यतः काँक्रीटच्या जोरावर उभा असतो. ३०० बाय ६०० मिलिमीटरचा, एक टक्का सळया असलेला कॉलम घ्या. तिथे एम-३०चं एम-२० झालं की भार पेलायची ताकद २६ टक्के जाते. एकाच मालाने, एकाच फेल निकालाने, वरचा स्लॅब तगतो आणि खालचा कॉलम एक चतुर्थांश गमावतो. स्लॅबवर पाण्याचं किंवा वाळूच्या गोण्यांचं वजन ठेवून, २४ तासांनी काढून, तो किती परत वर येतो हे बघता येतं. तशी भारचाचणी मानकात आहे. मात्र ती वाकणाऱ्या भागांसाठी आहे. बावीस मजल्यांच्या इमारतीच्या तळातल्या कॉलमवर असा भार कुणी आणून ठेवू शकत नाही.

आणि तपासणी कुणाची जास्त होते? मानकात नमुन्यांची संख्या काँक्रीटच्या घनफळावर ठरते. १२० घनमीटरच्या स्लॅबला सहा नमुने. त्याच मजल्याचे कॉलम स्लॅबच्या आधी वेगळे भरले आणि त्यांना १२ घनमीटर लागलं, तर दोन. सहा घनमीटरही नसेल तर एक. जिथे चूक सगळ्यात महाग पडते तिथे सगळ्यात कमी क्यूब भरले जातात, आणि कॉलम अनेकदा संध्याकाळी, सुपरवायझर घाईत असताना, उरलेल्या मालाने भरले जातात. मानक किमान सांगतं. कॉलमचे नमुने वाढवायला कुणाची बंदी नाही. दर मजल्याला चार-सहा क्यूब जास्त लागले, तर त्याचा खर्च लिफ्टच्या लॉबीतल्या ग्रॅनाइटच्या एका फरशीत निघतो.

कॉलम खरंच कमी पडला तर उपाय आहेत. चारही बाजूंनी नव्या सळया आणि नवं काँक्रीट घालून जॅकेटिंग करतात, पोलादी पट्ट्यांचा पिंजरा बसवतात, कार्बन फायबरचं कापड गुंडाळतात. नीट डिझाइन केलं तर हे टिकतं. पण जॅकेटिंगने कॉलम प्रत्येक बाजूला १०० मिलिमीटरच्या आसपास फुगतो. पार्किंग अरुंद होतं, खोलीचा कोपरा जातो, आणि विचारलं तर 'डिझाइनमध्येच तसं आहे' असं उत्तर मिळतं. ज्याच्या बेडरूमच्या कॉलमला जॅकेट घातलं, त्याला ते का घातलं हे लेखी कळवायला नको? शिवाय ताकद कमी म्हणजे बहुधा पाणी जास्त, आणि पाणी जास्त म्हणजे काँक्रीट सच्छिद्र. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या खाऱ्या हवेत अशा काँक्रीटमधली सळई लवकर गंजते. गणितात आज पास झालेला कॉलम पंधरा वर्षांनी फुटतो.

कमकुवत मालाची गोष्ट फक्त आपली नाही. दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात ११ जानेवारी २०२२ रोजी बांधकाम चालू असलेल्या ३९ मजली इमारतीचे वरचे मजले एकावर एक कोसळत खाली आले. सहा कामगार गेले. खालचे टेकू लवकर काढले होते आणि वरच्या मजल्याची रचना परवानगीशिवाय बदलली होती, ही मुख्य कारणं सरकारी चौकशीत निघाली. त्याच चौकशीने काँक्रीटही काढून तपासलं. १७ मजल्यांच्या नमुन्यांपैकी १५ ठरल्या ताकदीच्या ८५ टक्क्यांपर्यंतसुद्धा पोहोचले नाहीत. म्हणजे मजल्यामागून मजला कमकुवत माल वर चढत होता आणि एकाही मजल्यावर कुणी थांबलं नाही. पुढे मे महिन्यात कंपनीने त्या प्रकल्पातल्या आठही इमारती, न पडलेल्या सातांसह, पाडून नव्याने बांधायचं जाहीर केलं. तिथे फ्लॅट घेतलेल्या लोकांनी तेच मागितलं होतं.

आपल्याकडे महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली. सोळा माणसं गेली. तिला दहा वर्षंही झालेली नव्हती. गुन्हा बिल्डरवर नोंदवला गेला, तसाच आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट आणि नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवरही. दिल्लीत डीडीएने, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाने, बांधलेल्या सिग्नेचर व्ह्यू अपार्टमेंटमध्ये १२ टॉवर आणि ३३६ फ्लॅट आहेत. लोक राहायला आले त्यानंतर दीड दशकाच्या आत आयआयटी दिल्लीच्या अहवालाने ते राहण्यास असुरक्षित ठरवले आणि डिसेंबर २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रिकामे करायला सांगितलं. मुंबई महापालिकेच्या कायद्यात ३५३-ब हे कलम ३० वर्षं झालेल्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं करतं. चांगलं कलम आहे. पण नव्या इमारतीचा जन्मदाखला कोण तपासतं? तीस वर्षांची होईपर्यंत ती ठणठणीत आहे, हे आपण गृहीत धरतो.

रेराच्या १४व्या कलमानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला, तर बिल्डरने ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करायचा आहे. मात्र दोष दाखवायचा कसा? पीओपीच्या मागे, पुट्टीच्या आत गाडलेल्या कॉलमची ताकद घरमालकाने कुठल्या कागदाने सिद्ध करायची? १९वं कलम मंजूर नकाशे आणि तपशील मागण्याचा हक्क देतं. क्यूबचे निकाल त्यात नावानिशी नाहीत.

ते नावानिशी यावेत, ही माझी पहिली मागणी. दुसरी हप्त्याची. स्लॅबचा हप्ता स्लॅब भरल्यावर मागायचा नाही, त्या मजल्याच्या स्लॅबचा आणि कॉलमचा २८ दिवसांचा निकाल जोडून मागायचा. रेराखाली ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढताना इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांचे दाखले लागतात. यंत्रणा तयार आहे. त्या दाखल्याला एक पान जोडायचं आहे. निकाल कमी आला तर कोअरचे आकडे, जागा आणि वय त्याच पानावर. दुरुस्ती केली तर कुठल्या कॉलमला काय केलं, तेही. लॅबचं बिल ठेकेदाराने न देता त्याच खात्यातून द्यावं, म्हणजे ज्याचा माल तपासायचा त्याच्याच खिशातून तपासणाऱ्याचं पोट भरणार नाही. यामुळे बिल्डरचा पैसा महिनाभर उशिरा येईल, असं सांगितलं जाईल. येईल. चार आठवड्यांचं व्याज बिल्डरने सोसायचं की वीस वर्षांचं कर्ज काढलेल्या माणसाने अंधारात सही करायची, यात मला निवड अवघड वाटत नाही.

तोपर्यंत कायद्याची वाट बघत बसू नका. सॅम्पल फ्लॅटमधला सोफा बघून झाला की सेल्सच्या मुलाकडे क्यूब रजिस्टर मागा. स्लॅबचं वेगळं, कॉलमचं वेगळं. त्यात कमी आकडे दिसले तर घाबरून पळू नका. त्या आकड्यासमोर पुढे काय केलं हे लिहिलेलं असेल, तर ती साइट विचार करण्याजोगी आहे. एम-३०ची व्याख्याच अशी आहे की शंभरातले पाचपर्यंत निकाल ३०च्या खाली येणं अपेक्षित धरलेलं असतं. शेकडो निकालांच्या वहीत एकही खाली नसेल आणि सगळे ३१ ते ३३च्या दरम्यान एका ओळीत उभे असतील, तर ते रजिस्टर एका बैठकीत लिहिलेलं असण्याची शक्यता दाट आहे. त्या ओळींसमोर लॅबचे मूळ रिपोर्ट मागा. रजिस्टर दाखवायला नकार मिळाला तर तो ईमेलवर, लेखी घ्या, आणि टोकनचा चेक खिशातच ठेवा.